अंबरनाथ ते नागपूर : अंतर, वेग आणि विमानप्रवासाचा काळ

अंबरनाथ पश्चिमेकडील आयुधनिर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आली. या कंपनीचे मुख्यालय नागपूर येथे आहे. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरविण्याचा प्रघात पडला, आणि उच्च न्यायालयाचे एक खंडपीठही तेथे आहे. त्यामुळे उल्हास नदीच्या खोऱ्यातील अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या गावांतील माणसाला नागपूर गाठण्याचे प्रसंग अधूनमधून येतात. अशा वेळी 'नागपूर किती दूर?' हा प्रश्न विचारला जातो आणि त्याची उत्तरे तीन मिळतात. रेल्वेचे वेळापत्रक मुंबई-नागपूर अंतर ८३७ किलोमीटर सांगते. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर दिली जाते. आणि विमानाने जाणारा प्रवासी किलोमीटरांचा उल्लेखच न करता 'दीड तास' असे उत्तर देतो.

ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. तथापि त्यांपैकी एकही अंबरनाथच्या रहिवाशाच्या प्रश्नाचे पुरे उत्तर नव्हे. असे का व्हावे, याचा उलगडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम अंतर या संकल्पनेचा, नंतर उड्डाणकाळाचा आणि अखेरीस घरापासून घरापर्यंतच्या एकूण काळाचा विचार केला आहे.

१. सरळ अंतर

पृथ्वी गोलाकार असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा एक खंड असतो. पृथ्वीच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या प्रतलाने तिचा पृष्ठभाग छेदला असता जे वर्तुळ मिळते, ते बृहद्वृत्त होय. हे अंतर काढण्यासाठी अक्षांश व रेखांश एवढीच सामग्री पुरते. मुंबईचा सांताक्रूझ येथील विमानतळ सुमारे १९.०९ अंश उत्तर अक्षांश व ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगाव येथील विमानतळ सुमारे २१.०९ अंश उत्तर व ७९.०५ अंश पूर्व येथे आहे.

अक्षांशांतील फरक २ अंशांचा. एका अंशास सुमारे १११.२ किलोमीटर धरले असता उत्तर-दक्षिण अंतर २२२ किलोमीटर भरते. रेखांशांतील फरक ६.१८ अंशांचा आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून येथे मध्य अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. २०.०९ अंशांची कोज्या ०.९३९ आहे; त्यावरून पूर्व-पश्चिम अंतर ६४५ किलोमीटर येते. या दोन बाजूंवरून कर्ण काढला की ६८३ किलोमीटर हे उत्तर मिळते. गोलीय त्रिकोणमितीच्या पूर्ण सूत्रानेही हेच उत्तर येते. एवढ्या मर्यादित अंतरासाठी सोप्या रीतीतील चूक नगण्य असते.

हीच रीत अंबरनाथ स्थानकाला लावली असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. अंबरनाथ ते नागपूर विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ६४७ किलोमीटर येते, तर अंबरनाथ ते सांताक्रूझ विमानतळ हे अंतर सुमारे ३६ किलोमीटर. या दोहोंची बेरीज ६८३, म्हणजे मुंबई-नागपूर या सरळ अंतराइतकीच. याचा अर्थ असा की अंबरनाथ या सरळ रेषेवरच वसलेले आहे. अधिक काटेकोर गणित केले तर ती रेषा स्थानकाच्या दक्षिणेकडून अवघ्या सव्वा किलोमीटरच्या आसपास जाते. अर्थात प्रत्यक्ष विमाने या रेषेवरून उडतात असे नव्हे. ती नेमून दिलेल्या हवाई मार्गांनी जातात. परंतु भूमितीच्या दृष्टीने पाहता, नागपूरला विमानाने निघालेला अंबरनाथकर आधी ३६ किलोमीटर उलट दिशेस जातो आणि मग तेच ३६ किलोमीटर हवेतून परत कापून जवळजवळ आपल्या घरावरून पुढे जातो.

२. जमिनीवरील वळसा

सरळ अंतर आणि प्रत्यक्ष मार्गाची लांबी यांच्या गुणोत्तरास वळशाचा गुणांक म्हणता येईल. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि नागपूर स्थानक यांमधील सरळ अंतर सुमारे ६९८ किलोमीटर आहे. रेल्वेचे अंतर ८३७ असल्याने हा गुणांक १.२० येतो, म्हणजे लोहमार्ग सरळ रेषेपेक्षा एक पंचमांशाने लांब आहे.

या वळशाचे मूळ सह्याद्रीत आणि एकोणिसाव्या शतकातील बांधणीत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८५४ साली कल्याणपर्यंत पोहोचला आणि तेथे त्याच्या दोन शाखा झाल्या. आग्नेय शाखा अंबरनाथ, बदलापूर, नेरळ या बाजूने १८५६ साली खोपोलीपर्यंत गेली आणि पुढे बोरघाटातून पुण्याकडे वळली. ईशान्य शाखा कसाऱ्याहून थळघाट चढून इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी १८६७ साली नागपूरला पोहोचली. दोन्ही घाटांत ३७ स १ असा तीव्र चढ स्वीकारावा लागला, आणि पठारावर आल्यानंतरही मार्ग खानदेशातून व वऱ्हाडातून, कापसाच्या मुलुखातून, नेण्यात आला.

अंबरनाथ या दोन शाखांपैकी आग्नेय शाखेवर आहे; नागपूरची शाखा मात्र कल्याणहून फुटते. त्यामुळे रेल्वेने नागपूरला जायचे तर अंबरनाथकराला सहा किलोमीटर मागे कल्याणला यावे लागते. विमानाकरिता करावा लागणारा उलट प्रवास रेल्वेलाही चुकत नाही. फक्त त्याचे प्रमाण लहान आहे.

समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या शेवटच्या टप्प्यात कसारा घाटाच्या चढाऐवजी सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या जोडबोगद्याने सह्याद्री ओलांडला आहे. या महामार्गाचा वळशाचा गुणांक १.०९ च्या आसपास येतो. दीडशे वर्षांपूर्वी जे डोंगर वळसा घालून किंवा दमछाक करून पार करावे लागत, ते आता पोखरून पार करता येतात, एवढाच याचा अर्थ. आमणे हे अंबरनाथच्या उत्तरेस आहे. त्यामुळे महामार्ग गाठण्यासाठी मुंबईच्या दिशेने लांबवर जावे लागत नाही, हा त्याचा या भागाच्या दृष्टीने आणखी एक गुण.

३. उड्डाणकाळाची घडण

आता विमानाकडे वळू. आजची जेट प्रवासी विमाने उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडतात. ६८३ किलोमीटरांना या वेगाने भागले असता ४९ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र या प्रवासास साधारण दीड तास दिलेला असतो. दिल्लीचे सरळ अंतर १,१३८ किलोमीटर. भागाकाराने ८२ मिनिटे येतात आणि वेळापत्रकात दोन तास दहा मिनिटांच्या आसपास काळ आढळतो. दोन्ही ठिकाणी भागाकाराहून सुमारे चाळीस ते पन्नास मिनिटे अधिक लागतात. अंतर दीडपटीहून अधिक वाढले, तरी ही भर मात्र जवळजवळ तेवढीच राहिली.

यावरून उड्डाणकाळाचे एक साधे समीकरण मांडता येते : काळ = स्थिर भाग + (अंतर ÷ वेग). वेळापत्रकातील काळ हा विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील फलाटाला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, आपल्या क्रमाची वाट पाहणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे आणि पुन्हा फलाटापर्यंत येणे, या सर्व गोष्टी प्रवास लहान असो वा मोठा, कराव्याच लागतात. सुमारे तीन हजार मीटरांच्या खाली विमानाचा वेग सामान्यतः २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, एवढाच ठेवण्याचा दंडक आहे. त्याखेरीज मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वाऱ्याच्या रोखामुळे विमाने बहुधा पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने उड्डाण करतात. पूर्वेकडील नागपूरला जाणारे विमान अशा वेळी आधी अरबी समुद्रावर जाते आणि मग वळते. अंबरनाथहून पश्चिमेकडे आलेला प्रवासी अशा रीतीने आणखी थोडा पश्चिमेस जाऊन परततो.

वाऱ्याचा परिणाम हा या समीकरणातील दुसऱ्या पदावर होतो. हिवाळ्यात या अक्षांशांवर उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा वेग ताशी ८० किलोमीटर आहे असे समजा. मग नागपूरला जाताना विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ९१० होऊन ४५ मिनिटे लागतील, आणि येताना तो ७५० होऊन सुमारे ५४ मिनिटे ४० सेकंद लागतील. वारा नसता तर जाण्यायेण्यास मिळून ९८ मिनिटे ४५ सेकंद लागली असती. वाऱ्यामुळे ९९ मिनिटे ४० सेकंद लागतात. जाताना झालेला लाभ येताना झालेल्या हानीची पुरी भरपाई करीत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. तरीही हा फरक एका मिनिटाहून कमी आहे. उड्डाणकाळाच्या चर्चेत वाऱ्याचा बोलबाला फार होतो. लहान पल्ल्याच्या प्रवासात त्याचे महत्त्व स्थिर भागाच्या मानाने अल्प आहे.

४. वेग वाढला, काळ किती घटला?

नागपूर हे हवाई वाहतुकीच्या इतिहासात निराळ्या कारणासाठी प्रसिद्ध आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. नागपूरपासून या चार शहरांची सरळ अंतरे अनुक्रमे सुमारे ६८३, ८५४, ९८५ आणि ९०९ किलोमीटर आहेत. चारही शहरांहून संध्याकाळी निघून रात्रीत भेटता येईल असे दुसरे मोठे शहर देशात सापडणे कठीण होते.

या कामी डाकोटा विमाने वापरली जात. त्यांचा वेग ताशी २७० किलोमीटर धरला तर मुंबई-नागपूर अंतरास अडीच तास लागत. पुढे इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली व्हायकाउंट आणि १९६४ साली कॅराव्हेल जातीची विमाने आणली आणि देशांतर्गत प्रवासात जेटयुग अवतरले. आजच्या वेगाने तेच अंतर ४९ मिनिटांत कापले जाते. म्हणजे समीकरणातील दुसरे पद एक तृतीयांशावर आले. पहिले पद मात्र घटले नाही. विमानतळावरील गर्दी आणि सुरक्षेची तपासणी लक्षात घेता प्रवाशाच्या दृष्टीने ते वाढलेच. जे अंग आधी मोठे होते ते लहान झाले, आणि जे लहान होते त्याने आता बहुतेक जागा व्यापली आहे.

५. घरापासून घरापर्यंत

अंबरनाथ पश्चिमेकडील एखाद्या प्रवाशाचा काळ आता क्रमाने मांडून पाहता येईल. पुढील आकडे प्रत्यक्ष पाहणीचे नसून व्यवहारात बेतास धरण्याजोगे अंदाज आहेत.

विमानाने : घरापासून लोकल गाडीने घाटकोपर, तेथून मेट्रो व रिक्षा अशा मार्गाने विमानतळ, २ तास, उड्डाणापूर्वी विमानतळावर दीड तास, वेळापत्रकाप्रमाणे प्रवास दीड तास, नागपूरला सामान घेऊन शहरात पोहोचण्यास पाऊण तास. एकूण ५ तास ४५ मिनिटे.

महामार्गाने : आमण्यापर्यंत १ तास, ७०१ किलोमीटर ताशी सरासरी ९० च्या वेगाने पावणेआठ तास, विश्रांती व शहरातील प्रवास मिळून सव्वा तास. एकूण १० तास.

रेल्वेने : कल्याणला जाऊन गाडीची वाट पाहणे पाऊण तास; पुढील प्रवास सुमारे १२ तास; नागपूर स्थानकापासून अर्धा तास. एकूण सव्वातेरा तास.

अंबरनाथ-नागपूर या ६४७ किलोमीटरांच्या सरळ अंतरास या काळांनी भागले असता प्रवाशाचा परिणामी वेग मिळतो. तो रेल्वेने ताशी ४९, महामार्गाने ६५ आणि विमानाने ११२ किलोमीटर येतो. ताशी ८३० किलोमीटर उडणाऱ्या वाहनात बसून प्रवासी प्रत्यक्षात ताशी ११२ च्या वेगाने पुढे सरकतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

याच हिशेबावरून सुधारणेची दिशाही दिसते. विमानाचा वेग उद्या दुप्पट झाला, तर ४९ मिनिटांतील सुमारे २५ मिनिटे वाचतील. एकूण काळात ही बचत सात टक्क्यांची. उलट घर ते विमानतळ हा दोन तासांचा प्रवास एका तासावर आला, तर बचत सतरा टक्क्यांहून अधिक होईल. अंबरनाथच्या रहिवाशाला नागपूर जवळ आणण्याचे सामर्थ्य विमान बांधणाऱ्या कारखान्याकडे फारसे उरलेले नाही. ते लोकल गाडी, रस्ता आणि मेट्रो यांच्याकडे आहे.

रात्रीच्या रेल्वेप्रवासाचा विचार करताना आणखी एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. सव्वातेरा तासांपैकी सात-आठ तास प्रवासी झोपलेला असतो. जागेपणीचे तासच मोजले, तर रेल्वे आणि विमान यांच्यातील तफावत तासाभरावरही आणता येते. सकाळी कार्यालयात वा न्यायालयात हजर व्हायचे असेल, तर आदल्या रात्रीची गाडी अनेकांना अजून सोयीची वाटते, याचे मर्म येथे आहे. काळाचे मोल सर्व प्रहरी सारखे नसते.

६. नवी मुंबईचा विमानतळ

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. या विमानतळापासून अंबरनाथचे सरळ अंतर सुमारे २७ किलोमीटर आहे. सांताक्रूझपेक्षा नऊ किलोमीटर कमी. नवी मुंबई ते नागपूर हे सरळ अंतर सुमारे ६६७ किलोमीटर भरते. हवेतील अंतर सोळा किलोमीटरांनी कमी झाले, तरी उड्डाणकाळात त्याने जेमतेम एका मिनिटाचा फरक पडेल. म्हणून या विमानतळाचा लाभ हवेत शोधणे व्यर्थ आहे. तो जमिनीवरच मिळाला तर मिळेल.

जमिनीवर मात्र एक अडसर आहे. अंबरनाथ-बदलापूरचे खोरे आणि पनवेलचा सखल प्रदेश यांच्यामध्ये मलंगगडापासून माथेरानकडे जाणारी डोंगररांग उभी आहे. रस्ता तिला वळसा घालून शिळफाटा आणि तळोजा या बाजूने जातो. लोकल गाडीने जायचे तर आधी ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर मार्ग धरावा लागतो. नकाशावर २७ किलोमीटर दिसणारा विमानतळ काळाच्या मापाने ३६ किलोमीटरवरील विमानतळाहून जवळ आहे की नाही, हे या वळशाच्या गुणांकावर अवलंबून राहील.

७. सरासरी आणि खात्री

वरील सर्व हिशेब सरासरीचा आहे. पण प्रवासी सरासरीवर विसंबून घराबाहेर पडत नाही. विमान चुकल्यास संपूर्ण प्रवास वाया जातो, म्हणून तो वाईटात वाईट दिवसाचा विचार करून निघतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लोकल गाड्या थांबल्या आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. असे प्रसंग विरळ असले, तरी पावसाळ्यातील प्रत्येक प्रवासावर त्यांची छाया असते. दोन तासांच्या प्रवासाला तीन तास राखून निघणारा अंबरनाथकर भित्रा नसतो. संभाव्य विचलनाचा हिशेब तो अनुभवाने करीत असतो. राखून ठेवलेला तो एक तास कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही, पण खर्च मात्र होतो.

८. समारोप

तात्पर्य, 'मुंबई-नागपूर दीड तास' हे विधान दोन विमानतळांसंबंधीचे आहे. दोन शहरांसंबंधीचे नव्हे आणि उपनगरापलीकडील गावांसंबंधीचे तर मुळीच नव्हे. सांताक्रूझ विमानतळाशेजारी राहणाऱ्या माणसाला नागपूर सुमारे चार तासांवर आहे. अंबरनाथच्या माणसाला ते पावणेसहा तासांवर आहे, जरी सरळ रेषेने तो नागपूरला ३६ किलोमीटरांनी अधिक जवळ असला तरी. भूगोल ज्याला जवळ ठेवतो, त्याला वाहतुकीची रचना दूर लोटते.

ही विषमता मोजण्याचे साधन म्हणजे समकाल-रेषांचा नकाशा होय. एखाद्या विमानतळापासून एक, दीड, दोन तासांत पोहोचता येणारी स्थळे रेषांनी जोडल्यास अंतराचे खरे चित्र उभे राहते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग वसलेल्या शहरांसाठी, सकाळ व संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा आणि पावसाळा यांचा वेगवेगळा विचार करून, दोन्ही विमानतळांपासूनचे असे नकाशे तयार करणे हा पदव्युत्तर अभ्यासकांना सहज हाती घेता येण्यासारखा विषय आहे. त्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत : वेळापत्रक, घड्याळ आणि निरनिराळ्या दिवशी तोच प्रवास पुन्हा पुन्हा करण्याची चिकाटी. त्यातून मिळणारे आकडे प्रस्तुत लेखातील अंदाजांची जागा घेऊ शकतील, आणि नवा रस्ता वा नवा लोहमार्ग कोणाचे किती तास वाचवील याचे उत्तर बांधकामाच्या आधीच देता येईल.